तारेला बांधलेली कांडी

मला गाडी चालवता येत नव्हती, फक्त गरम करता यायची. हे सांगितलं की लोक हसतात. हसू द्या. नव्वदच्या दशकातली चार-पाच वर्षं, सुरतेत कतारगामच्या आमच्या गल्लीत, रोज सकाळी सहाच्या आत मी ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसायचे. अंगात यांचा जुना स्वेटर, हातात चहाचा पेला, आणि पुढे धडधडणारं इंजिन.

आमचे हे मूळचे लूमवरचे. धुळ्याकडून सुरतेला आलो तेव्हा बारा-बारा तास मागावर उभे राहायचे. पुढे तो आवाज आणि तो सुताचा भुगा सोसेना, म्हणून एक जुनी पेट्रोलची मोटार घेतली आणि हजीऱ्याच्या कारखान्यातल्या चार साहेबांना रोज नेण्या-आणण्याचं काम धरलं. पेट्रोल काही परवडेना. मग एका ओळखीच्या मिस्त्रीनं तिचं इंजिन उपसलं आणि मोडीत निघालेल्या टेम्पोचं डिझेल इंजिन तिच्यात बसवलं. गल्लीत सगळे बघायला जमले. मी म्हटलं, "म्हातारीच्या अंगात पैलवान घातलाय, आता बघा कशी नाचते ती." हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. गाडीला नावं ठेवलेली यांना खपायची नाहीत, मला ठेवली तर चालायची.

पैलवान होता मात्र आळशी. थंडीत तर उठता उठायचा नाही. डिझेलला आधी हीटर द्यावा लागतो. त्यासाठी मिस्त्रीनं घराच्या बेलचं बटण आणून स्टिअरिंगखाली ठोकलं होतं. ते दाबून धरायचं, वीस आकडे मोजायचे, मग चावी फिरवायची. सुरू झालं की रेसची तार थोडी ओढून ठेवायची आणि दहा मिनिटं तसंच चालू द्यायचं. थंड्या इंजिनावर निघालं की गाडी नाक्यापर्यंत जाऊन बंद पडायची, हे आमचं दोनदा झालेलं. आणि बंद करायचं तर चावीचं काम नाही. चावी काढून खिशात घातली तरी ते चालूच. त्याला एक वेगळी तार होती, सीटखालून आलेली. ती ओढली की डिझेल तुटायचं आणि इंजिन थांबायचं. त्या तारेला धरायला मूठ नव्हती, म्हणून यांनी टोकाला लूमवरची, सूत गुंडाळायची एक लाकडी कांडी बांधली होती. बारा वर्षं ज्या कांड्या भरल्या, त्यातलीच एक. सीटखाली हात घातल्याशिवाय ती कुणाला दिसायची नाही.

गाडी गरम करायचं काम माझ्याकडे कसं आलं? यांची अंघोळ आणि इंजिन दोन्हीला दहाच मिनिटं लागायची, म्हणून. हे मागच्या मोरीत आणि मी पुढे गाडीत. आवाजाची खडखड कमी होऊन तो एकसारखा झाला की यांना मोरीत बसल्याजागी कळायचं. मग भांग पाडून बाहेर यायचे, बॉनेटवर दोनदा थाप मारायचे आणि म्हणायचे, "उतरा राणीसरकार." मी उतरायचे. सीट माझ्या अंगानं ऊबदार झालेली असायची, तिच्यावर हे बसायचे. खोटं कशाला सांगू, दिवसभरातली तेवढीच दहा मिनिटं माझी होती. घरात धुणं-भांडी, पाणी भरा, शेजारणीशी नळावरून भांडा. तिथे मात्र मी मोटारीत बसलेली बाई.

एका रविवारी हे म्हणाले, "चाल, तुले गाडी शिकाडस." मला इच्छापोरच्या पुढे एका मोकळ्या मैदानात घेऊन गेले. पहिला गिअर टाकला, गाडी सुटली, आणि मी घाबरून दोन्ही पाय दोन्हीकडे दाबले. गाडी गचके खात बंद. तिथे क्रिकेट खेळणारी कार्टी फिदीफिदी हसली. हे पण हसले. ते हसले नसते तर! माझ्या नाकावर राग तयारच असतो. उतरले आणि दार असं आपटलं की काच खाली गेली. म्हटलं, "मला नाही शिकायचं. मला काय ड्रायव्हर व्हायचंय? तुम्ही मेलात का गाडी चालवायला?"

असं बोलायची रीतच होती आमच्यात. कुणी मनावर घेत नव्हतं. यांनीही नाही घेतलं. उलट पुढे दोन-तीनदा विचारलं, "चाल ना, आज मैदान मोकळं असेल." मी दर वेळी तोंड फिरवलं. जीभ माझी, आणि हट्टही माझाच.

ती सकाळ डिसेंबरातली. वीस आकडे मोजूनही इंजिन उठलं नाही, परत वीस मोजले तेव्हा कुठे खोकत खोकत सुरू झालं. मी चहा प्याले. खडखड थांबली, आवाज एकसारखा झाला. थाप काही पडेना. मी मनात म्हटलं, आज नवरदेवाची अंघोळ संपत नाही वाटतं. रागावले, आणि रागावून तशीच बसून राहिले. आपण कशाला उठा, येतील की आपले आपण! सीट ऊबदार होती, बाहेर गारठा होता. आणखी पाच मिनिटं गेली असतील, की सात? तेवढी मिनिटं मी आजवर परत परत मोजलीत, दर वेळी वेगळी भरतात.

मग चडफडत आत गेले. हे मोरीच्या उंबऱ्यावर आडवे पडले होते. एक हात छातीवर, टॉवेल अर्धा गुंडाळलेला. डोळे उघडे होते, मला बघत होते. ओठ हलत होते, पण दारातून येणाऱ्या इंजिनाच्या आवाजात मला काही कळेना.

नंतर भिंतीपलीकडच्या शेजारणीनं सांगितलं, यांनी दोनदा हाक मारली होती. तिला वाटलं, रोजच्यासारखा टॉवेल मागत असतील.

मी धावत बाहेर आले. दारात गाडी उभी, इंजिन चांगलं तापलेलं, टाकीत डिझेल, चावी लागलेली. फक्त बसायचं आणि न्यायचं. दवाखाना किती लांब? गाडीनं दहा मिनिटं. मी सीटवर बसलेसुद्धा. पाय कुठे ठेवायचा, काय दाबायचं, काही कळेना. पहिला गिअर वर की खाली तेही आठवेना. गल्लीत दुसरं कुणी मोटार चालवणारं नव्हतंच. मी स्टिअरिंगवर डोकं आपटलं आणि उतरले. आयुष्यात मला स्वतःची इतकी चीड कधी आली नाही.

रात्रपाळी सुटून आलेले दोन कारागीर भेटले. "काय व्हयनं, वहिनी?" म्हणत ते आत धावले, यांना उचललं. मी अनवाणी नाक्यापर्यंत पळत गेले आणि रिक्षा आणली. रिक्षात यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. गल्लीतून बाहेर पडताना मागे आमचं इंजिन धडधडत होतं, ते वळणापर्यंत ऐकू आलं. नंतर नाही. हेही त्याच वळणानंतर गेले असावेत, कारण पुढे त्यांचा हात जड झाला. दवाखान्यात डॉक्टरनं बघितलं आणि मान हलवली. मी म्हटलं, "अहो, नीट बघा की!" त्यानं परत बघितलं, बिचाऱ्यानं.

अकराच्या सुमारास मला घरी आणलं. यांना दवाखान्यातून आणायचं अजून बाकी होतं. वळणावर आलो तर तोच आवाज. गाडी सकाळपासून तशीच चालू होती. गल्लीभर निळा धूर, सगळे तोंडाला फडकी लावून उभे. समोरचा गुजराती दुकानदार हातात चावी धरून माझ्याकडे आला. कसं बोलावं कळेना त्याला. हळूच म्हणाला, "बेन, चावी काढी तोय बंध नथी थती."

कशी होईल? कांडी आम्हा दोघांनाच ठाऊक होती. आता मला एकटीला.

मी दार उघडलं, सीटवर बसले. सीट गार पडली होती. खाली हात घातला, कांडी सापडली. ती हातात धरून मी किती वेळ बसले कोण जाणे. ती ओढली असती तर सकाळ संपली असती. दुकानदार लांब उभा होता, कुणी घाई करत नव्हतं.

मग ओढली. इंजिनानं दोन गचके दिले आणि थांबलं. गल्ली एकदम गप्प झाली. मी यांना हाक मारली, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा नावानं. आता कसलाच आवाज नव्हता, ती सगळ्यांना ऐकू गेली.