तारीख बरोबर होती

माझं दुकान झेरॉक्सचं, हर्षद शिवलकरचं घड्याळांचं, मधे एक भिंत. सोळा वर्षं त्या भिंतीपलीकडचं सगळं ऐकत आले, म्हणून सांगते. हा माणूस वाईट नव्हता. आमच्या राम आळीत आता कोणी काहीही बडबडतं, त्याला शिवाचं घड्याळ लाटायचं होतं असंसुद्धा म्हणतात मेले. साफ खोटं आहे ते. जे झालं ते त्याच्या हुशारीनं झालं, हावेनं नाही.

जहाजावर इंजिनात वीस वर्षं काढून हर्षद घरी आला, आणि लोक रिक्षा घेतात, बाग लावतात, ह्यानं जुनी घड्याळं घ्यायला सुरुवात केली. आपल्याकडे घरटी एक माणूस जहाजावर गेलेला. सिंगापूर-कुवेतवरून आणलेली स्विस घड्याळं ट्रंकांमध्ये पडलेली, आणि पोरांना मोबाइलपुढे त्यांची किंमत नाही. हा स्कूटर घेऊन लांज्यापासून सावर्ड्यापर्यंत दारोदार जायचा. तीच घड्याळं मुंबई-पुण्याचे शौकीन लोक लाख, दोन लाख देऊन न्यायचे.

"एवढ्या पैशात घर रंगवून होतं रे!" मी म्हणायची.

"रंगवून होतं, पण दर्शनाताई, पुन्हा उडतोच ना रंग?"

लग्न केलं नाही त्यानं. "तुला बायको मिळाली तरी तू आधी तिचं मागचं झाकण उघडून बघशील," असं मी चिडवलं की लाजून आत पळायचा. धंद्यात मात्र कोणाच्या बापाला ऐकायचा नाही. "आजोबांचं आहे", "कधी उघडलंच नाय", असं कोणी सांगायला लागलं की हात वर करून थांबवायचा. "तुम्ही बोलू नका. घड्याळाला बोलू दे. विकणारा माणूस खोटं बोलतो, घड्याळ नाय बोलत."

शिवा तांडेलाचं घड्याळ हे त्याचं दुखणं होतं. शिवा मिरकरवाड्याच्या ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचा मुख्य. त्याच्या वडलांनी सिंगापूरहून आणलेलं, पाण्यात चालणारं, जाड स्टीलचं स्विस घड्याळ शिवा हातातून काढायचा नाही. बारा वाजायच्या जागी काचेवर चरा होता. ते चावीचं नव्हतं, सेलचंही नव्हतं. हात हलला की आपोआप भरायचं, आणि हात थांबला की चाळीस तासांनी बंद पडायचं. हर्षद नऊ वर्षं हात धुऊन त्याच्या मागे लागला होता. शिवा हसायचा, विकायचा नाही, पण महिन्यातून एकदा दुकानात यायचा, घड्याळ हर्षदच्या हातात बांधायचा आणि चहा संपेपर्यंत तसंच राहू द्यायचा. ती दहा मिनिटं हर्षदचा चेहरा बघण्यासारखा असायचा.

गेल्या नोव्हेंबरात एका सोमवारी सकाळी, जाळं ओढताना शिवा बोटीवरून पडला. समुद्र खवळलेला होता. बोटी फिरल्या, विमान फिरलं, गुरुवारी शोध थांबला. अंग मिळालं नाही तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. शिवाच्या आईनं, यमुनाबाईंनी, भटजींना पुढच्या बुधवारचा निरोप धाडला. बायको कमळा भिंतीला टेकून बसून होती, रडतसुद्धा नव्हती.

आणि मंगळवारी दुपारी, शिवा पडल्याला आठ दिवस झालेले असताना, संदेश नावाचा दुसऱ्या बोटीवरचा एक खलाशी हर्षदच्या दुकानात आला. खिशातून घड्याळ काढून म्हणाला, "आज पहाटे जाळ्यात आलं. काय देशील?"

मी सुट्टे पैसे मागायला तिथंच उभी होते. हर्षदनं चरा बघितला, शिवाचंच होतं ते. मग त्यानं घड्याळ कानाला लावलं.

"चालू आहे," तो म्हणाला. भिंतीवरच्या घड्याळाशी वेळ ताडून बघितली. मिनिटाचा फरक नाही. खिडकीतली तारीख बघितली. बरोबर! "ताई, हे बंदच पडलेलं नाय! बंद पडून पुन्हा सुरू झालं असतं तर वेळ चुकली असती, तारीख तर हमखास चुकली असती. चाळीस तास धरा. म्हणजे रविवारपर्यंत हे हलत्या हातात होतं. शिवा रविवारी जिवंत होता! कुठल्या तरी परक्या बोटीनं उचललंय त्याला. पट्ट्याची पिन तुटून घड्याळ तेवढं पडलं."

"देव पावला रे बाबा," मी म्हटलं. खोटं कशाला सांगू, मी तिथंच देवाला हात जोडले. संदेशच्या हातात हजार रुपये कोंबून हर्षद स्कूटरवर बसला, मला मागे घेतलं, आणि तडक शिवाच्या घरी.

कमळानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "नक्की ना हो भाऊ?"

"वहिनी, घड्याळ खोटं बोलत नाय."

तेव्हा ती रडली. आठ दिवसांचं सगळं रडून घेतलं तिनं. भटजींना नको म्हणून निरोप गेला.

गुरुवारी पोलीस ठाण्यातून फोन आला. किनाऱ्यावर एक प्रेत लागलंय, चेहरा राहिलेला नाही, ओळख पटवायला या. डॉक्टर म्हणतात, मरून नऊ-दहा दिवस झाले असावेत. यमुनाबाई चप्पल घालायला उठल्या. कमळा दारात आडवी उभी राहिली. "माझा माणूस रविवारी जिवंत होता! असलं अभद्र बघायला कोण जाणार नाय या घरातनं." फोन तिनं हर्षदच्या हातात दिला. आणि हा शहाणा फोनवर त्या पोलिसाला शांतपणे समजावतो, "साहेब, दिवस जुळत नाहीत. तो आमचा नाय."

मग हर्षद आणि कमळा, दोघं शोधायला निघाली. हर्षदनं दुकानाला कुलूप लावलं. मालवण, वेंगुर्ला, पणजी, मडगाव. जेट्टीवर शिवाचा फोटो दाखवायचा, इस्पितळात विचारायचं, रात्री कुठल्या तरी देवळाच्या ओट्यावर पडायचं. पंधरा दिवसांनी आली, पुन्हा गेली. कमळा वाळून काडी झाली होती, पण कुंकू ठसठशीत. कोणी नजर चुकवली तर भांडायला उठायची.

जानेवारी संपता संपता संदेश पुन्हा दुकानात आला. बसला नाही. "हर्षदभाऊ, ती बाई काल आमच्या बोटीवर विचारायला आली होती. मला झोप नाय लागली."

"मग?"

"ते घड्याळ त्या दिवशी पहाटे नव्हतं मिळालं. आदल्या शुक्रवारी मिळालं. चोर म्हणशील म्हणून बोललो नाय. चार दिवस मीच हातात घातलं होतं."

मी मशीन बंद करून भिंतीला कान लावला. मग हर्षदचा आवाज. इतका बारीक आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता. "मिळालं तेव्हा चालू होतं?"

"बंद होतं. हलवलं, चालू झालं. मग मोबाइल बघून वेळ लावली, तारीख लावली. घड्याळ गावलं की माणूस आधी तेच करणार ना?"

मी पळत बाहेर आले. हर्षद खुर्चीत बसला होता, तोंडावर रक्ताचा टिपूस नाही. सोळा वर्षांत कुठल्याही विकणाऱ्याच्या शब्दावर त्यानं भरवसा ठेवला नव्हता. हा एकदाच ठेवला, तोही त्याला शिवा जिवंत हवा होता म्हणून. मला त्याला थोबाडीत मारावंसं वाटलं आणि जवळही घ्यावंसं वाटलं. दोन्ही केलं नाही. "उठ," म्हटलं. "तिला सांगायला चल."

त्यानं अंगणातच सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. कमळा भांडी घासत होती. हात धुतले, पदराला पुसले. "ते किनाऱ्यावरचं होतं ना, ते बघूया," एवढंच म्हणाली.

पोलीस ठाण्यात योगिनी नावाची शिपाई मुलगी होती, तिनं फाइल काढली. फोटो देताना त्यातल्या चेहऱ्यावर हात ठेवला, फक्त कंबर दाखवली. काळा करगोटा. तसा काय, किनाऱ्यावरचा दर दुसरा पुरुष बांधतो. पण ह्याला एके ठिकाणी निळ्या नायलॉनची गाठ होती.

"तुटला होता," कमळा म्हणाली. "घरात काळा दोरा नव्हता. जाळ्याच्या दोरीनं मीच जोडून दिला." मग फोटोवरून नजर न काढता विचारलं, "कुठं होता हा?"

"इथंच, ताई. सरकारी शवागारात. आठ दिवस ठेवलं, कोणी आलं नाही. मग बेवारस म्हणून..." योगिनीनं फाइल मिटली.

"आठ दिवस इथं." कमळा हर्षदकडे वळली. "तेव्हा आपण कुठं होतो हो भाऊ?"

त्याला उत्तर देणं भाग होतं. "मडगावला," तो म्हणाला, आणि खाली बसून तिच्या पायावर डोकं ठेवायला लागला. "वहिनी, चप्पल मारा मला. काहीतरी बोला."

तिनं पाय तेवढे मागे घेतले. मग बाकावर बसून हातातला हिरवा चुडा उतरवायला लागली. एवढी वाळली होती, बांगड्या भराभर निघाल्या, डाव्या हातातली शेवटची मात्र हाडाशी अडकली. योगिनीनं साबण आणला. मी मनगट धरून फिरवून बघितलं, दाबून बघितलं, कातडी लाल झाली, तरी ती निघेना.

"राहू दे गो, घरी जाऊन काढूया," मी म्हटलं.

"नको," कमळा म्हणाली. "दोन महिने उशीर झालाय. फोड."