मामा वाहून गेला

मूर्खपणा करायचा तर माणसाने आपल्या घरी, दार लावून करावा. मी तो सरकारी बोट मागवून केला. हसू नका, आधी सगळं ऐका. नंतर हसायची इच्छा राहिली तर बघू.

पुण्यातली नोकरी सुटल्यावर मला खेड्यातल्या जगण्याचं वेड लागलं. सिंदेवाहीहून आत, जंगलाला लागून एक गाव आहे. तिथे गोविंदाभाऊ आणि कौसल्याबाई राहतात. तलावातल्या मासोळीवर चालणारं नवरा-बायकोचं घर. मागच्या वर्षी त्यांच्याकडे आठ दिवस राहिलो. आंबील प्यायलो, लाखोळीची डाळ खाल्ली, मासे धरायची बांबूची टोपली विणायला शिकलो. शिकलो म्हणजे काय, तिचं तोंडच उलटं विणलं. गोविंदाभाऊंनी ती फिरवून फिरवून पाहिली आणि म्हणाले, ह्याच्यात मासोळी मुक्कामाले येईन, सकाळी उठून निंघून जाईन.

त्या आठ दिवसांत एक नाव सारखं कानावर यायचं. मामा. मामानं आमाले तारलं. मामा हाये म्हनून पोरगी शिकून राह्यली. यंदा मामा चांगला भरला. तलाव मी रोज बघत होतो, हा मामा मात्र कधी दिसला नाही. असेल कोणी पैसेवाला, अंगाने भरलेला म्हातारा, अशी मी समजूत करून घेतली. एका शब्दाने विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? पण नाही!

यंदा ऑगस्टमध्ये पुन्हा निघालो. मामांसाठी टॉवेल-टोपी घेतली. सिंदेवाहीला एसटीतून उतरतो न उतरतो तोच गोविंदाभाऊंचा फोन. रेंज अशी की एक शब्द ऐकू येतोय, दोन गायब.

"भाऊ, येऊ नका. सकाळी मामा वाहून गेला. सारं गाव पाळीवर हाये."

पाळ म्हणजे तलावाचा बांध, एवढं मला ठाऊक होतं. फोन कटला. ज्या माणसाच्या जिवावर ते घर उभं, तोच पुरात गेला! आणि मी काय करावं? मी आपत्कालीन नंबर फिरवला.

तिकडच्या माणसाने शांतपणे माहिती विचारली. वय? मी म्हटलं, साठ-पासष्ट. वर्ण? सावळा. गोविंदाभाऊ सावळे, म्हणजे त्यांचा मामाही सावळाच असणार ना? अंगबांधा?

"गेल्या वर्षी तर चांगले भरले होते," मी सांगितलं.

मग मिळेल त्या गाडीने गाव गाठलं. कौसल्याबाई ओसरीवर गुडघ्यांत मान घालून बसल्या होत्या. चूल पेटलेली नव्हती. टॉवेल-टोपी पिशवीत खाली दाबून मी त्यांच्याशेजारी बसलो. अशा वेळी काय बोलायचं? मी मामांचं वय विचारलं.

"दीडशे बरस तं असन," त्या म्हणाल्या.

दुःखाने बाईंचं भान सुटलंय, असं मला वाटलं. अचानक कसं झालं, म्हणून विचारलं.

"अचानक कोठचं? दोन बरसांपासून झिरपून राह्यला होता."

मधुमेहाची जखम. मी मान हलवली. म्हटलं, "डॉक्टरला दाखवायचं होतंत."

बाईंनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "इंजिनिअरले दाखवला होता. आला, फोटो काढला, गेला."

आता तरी माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता की नाही? पडणार होताही. पण तेवढ्यात दारासमोर ट्रक थांबला. वर रबरी बोट, आत लाइफजॅकेट घातलेले आठ जण. साहेब खाली उतरले. मामा कुठे बुडाले, म्हणाले.

गोविंदाभाऊ चिखलाने माखलेले, तसेच बांधावरून आले होते. ते आम्हाला सगळ्यांना पाळीवर घेऊन गेले. पाळीला मधोमध खिंडार पडलं होतं. पलीकडे नुसता चिखल, त्यात थोड्या बारक्या मासोळ्या तडफडत होत्या.

"हा मामा," गोविंदाभाऊ म्हणाले.

माजी मालगुजारी तलाव! कागदावर मा. मा. तलाव, आणि तोंडात मामा. मालगुजारांनी, म्हणजे जुन्या काळच्या गावच्या जमीनदारांनी बांधलेला, गावाने सांभाळलेला. महिन्यापूर्वीच सगळ्यांनी मिळून त्यात मासोळीचं बीज सोडलं होतं. ते सगळं ओढ्याला लागलं होतं. आता वर्षभर हे घर काय खाणार? लाज तर वाटलीच, पण त्याहून जास्त रडू आलं. दीडशे वर्षांचं काहीतरी गेलं होतं आणि मी त्याचा मधुमेह काढत बसलो होतो.

साहेब भले. ओरडले नाहीत. फक्त माझ्याकडून लेखी घेतलं. 'सदर वाहून गेलेला इसम हा इसम नसून तलाव आहे,' असं मी स्वतःच्या अक्षरात लिहून खाली सही केली. एकही माणूस हसला नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

बोट उतरवायला पाणीच नव्हतं. ट्रक वळला आणि निघून गेला. मी गोविंदाभाऊंची माफी मागायला गेलो, तर ते त्या ट्रकाकडेच बघत होते.

"भाऊ, पाळ झिरपून राह्यली म्हनून दोन बरस आमी अर्ज केले. कोनी पोतंभर माती नाई आनली. तुमच्या एका फोननं बोट आली." त्यांनी जंगलाकडे हात केला. "इथून मागं दुसरा मामा हाये, तोई झिरपते. त्याच्यासाठी तुमीच फोन करा. अन् तलाव म्हनू नका, मामा बुडाला म्हना. आमाले खोटं बोलता येत नाई, तुमाले तं आपसूकच जमते."