नाव घातलेलं ताट

मुलं रडतात म्हणून रविवार बंद. शाळेच्या नव्या प्राचार्यांनी हे आम्हाला तोंडावर सांगितलं आणि वर बिस्किटांची बशी पुढे सरकवली. मी बिस्कीट घेतलं नाही. त्या दिवशी एवढाच निषेध मला सुचला, याचा राग अजून जात नाही.

आधी रविवार म्हणजे काय ते सांगते. ग्वाल्हेरला मुलांची एक बोर्डिंग शाळा आहे, आपल्याच मराठी लोकांनी कधीकाळी काढलेली. दूरदूरची मुलं तिथे राहून शिकतात. पहिल्यापासून रीत अशी, की प्रत्येक नव्या मुलाला गावातलं एक मराठी घर लावून द्यायचं आणि रविवारी दुपारचं त्यानं त्या घरी जेवायचं. याला आम्ही वार म्हणतो. पूर्वी गरीब विद्यार्थी रोज एकेका घरी जेवून शिकायचे, त्यातला आमच्याकडे हा एक दिवस उरला. आमच्या घरात तो सासूबाईंनी सुरू केला, तेव्हा आम्ही खासगी बाजारात होतो. पुढे तिथलं विकून हरिशंकरपुरमला आलो, तर वारही आमच्याबरोबर आला. फरक एवढाच, की मुलाला आता टेम्पोत बसून यावं लागे.

सासूबाईंची आणखी एक पद्धत होती. नव्या मुलाला पहिल्या दिवशी घरातलंच कुठलंही ताट वाढायचं. मग वाट बघायची. ज्या रविवारी तो कोणी न विचारता, आपण होऊन दुसऱ्यांदा भात मागेल, त्या आठवड्यात टोपी बाजारात भांड्यांच्या दुकानी जाऊन एका कोऱ्या ताटावर त्याचं नाव घालून आणायचं. ते ताट मग त्याचं. घरात लग्नाचे पाहुणे मावेनासे झाले तरी ते दुसऱ्या कोणाला वाढायचं नाही. बारावीचा निकाल लागला की मुलगा एकदा जेवायला येतो आणि जाताना ताट घेऊन जातो. आमच्याकडचं एक ताट सध्या फौजेबरोबर लेहला आहे. एक इंदूरला आहे, त्यात आता त्याची मुलगी जेवते.

तर ज्याची ही गोष्ट, तो मुलगा सहावीत आला होता. शिवपुरीच्या पलीकडे जंगलात वडील वनरक्षक, राहायला चौकीवर. आई गेलेली. घराणं मूळचं मराठी, कोणे एके काळी दक्षिणेतून फौजेबरोबर आलेलं, पण तिकडे राहून राहून घरात मराठी अर्धीच उरली होती. पोरगं काटकुळं, डोळे मोठे, आणि तोंडाला कुलूप. कितीतरी रविवार तो काही बोललाच नाही. वाढलं तेवढं खायचा, उठायचा आणि ताट घासायला मोरीकडे निघायचा. मी दटावलं, की आमच्याकडे मुलं ताट घासत नाहीत, तर घाबरून तसाच उभा राहिला. मग मीच म्हटलं, बरं बाबा, घास.

थंडी पडायला लागली तेव्हाची गोष्ट. मी गोडं वरण केलं होतं, वर लिंबू, तूप. त्यानं ताट पुसून खाल्लं, आणि खालमानेनं विचारलं, "काकू, अजून चावल आहे?"

यजमानांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. काही झालंच नाही असं दाखवत मी भात वाढला, नाहीतर उगाच पोर बुजायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी टोपी बाजारात. पुढच्या रविवारी ताट समोर ठेवलं तर त्यानं नावावरून बोट फिरवलं, एकदा, मग पुन्हा. जेवण झाल्यावर ते स्वतः घासलं, माझ्याच पदराला पुसलं, आणि फळीवर उभं केलं, नाव बाहेरच्या बाजूला. त्या दिवसापासून त्याच्या तोंडाचं कुलूप जे निघालं ते काय विचारता. वर्गातल्यांच्या नकला करून दाखवायचा. मुळ्याची भाजी नको म्हणायला शिकला. मला तर फार बरं वाटलं, मुलानं नको म्हणावं इतकं घर त्याचं झालं होतं.

आणि बरोबर त्याच हिवाळ्यात हे नवे साहेब आले. कुठल्या तरी मोठ्या शहरातल्या मोठ्या शाळेतून. सगळ्या वाराच्या घरांना त्यांनी बोलावून घेतलं, पडद्यावर चित्रं दाखवली. म्हणाले, रविवारी संध्याकाळी घरून परत आल्यावर लहान मुलं रडतात, सोमवारी अभ्यासात लक्ष नसतं. या मुलांना 'रेझिलिअन्स' शिकवायचा आहे, म्हणजे एकट्यानं तग धरायची ताकद. दर आठवड्याला कुणाच्या तरी स्वयंपाकघरात जाऊन बसलं तर ती येणार कुठून? शिवाय बाहेर काही झालं तर जबाबदारी कोणाची? म्हणून आता रविवारी मुलं शाळेतच राहतील, त्यांच्यासाठी दिल्लीहून एक सर येऊन खेळातून मन कणखर करतील.

आमच्यातल्या एकीनं भीत भीत विचारलं, की इतकी वर्षं इथून बाहेर पडलेली मुलं काय मऊ निघाली का. त्यावर ते हसले. त्या हसण्यानंच माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, रडतात तर रडू द्या की. अकरा-बारा वर्षांचं लेकरू घरून निघताना रडणार नाही तर काय टाळ्या वाजवणार? रडून झोपतं, सकाळी उठून शाळेत जातं, पुन्हा रविवारची वाट बघतं. तग धरणं म्हणजे आणखी वेगळं काय असतं हो? पण हे सगळं मला घरी येताना टेम्पोत सुचलं. तिथे मी फक्त बिस्कीट खाल्लं नाही.

पुढच्या रविवारी आम्ही बायका डबे घेऊन शाळेच्या फाटकाशी गेलो. म्हटलं, मुलं बाहेर येत नाहीत तर आम्ही आत जातो. फाटकावरचा चौकीदार आम्हाला वर्षानुवर्षं ओळखणारा, बिचारा मान वर करेना. नवा नियम होता, फक्त रक्ताच्या नात्याची माणसं आत. झालं, आम्ही सगळ्या तिथल्या तिथे मावश्या आणि आत्या झालो. मराठी घरात मावशी व्हायला किती वेळ लागतो? पण साहेब स्वतः बाहेर आले आणि ओळखपत्रं मागायला लागले. डबे घेऊन आम्ही परत आलो. वरण नासू दिलं नाही, आम्हीच खाल्लं.

त्यानंतर काही दिवसांनी बारावीतला एक मुलगा घरी आला. त्याचंही ताट आमच्याच फळीवर होतं. काही तरी निमित्त काढून सुटला होता. तो म्हणाला, की आपल्या सहावीतल्या लहान्यानं जेवण टाकलंय. हट्ट नाही, रडणं नाही. मेसमध्ये रांगेत उभा राहतो, वाढून घेतो, बसतो, आणि सगळं तसंच परत ठेवून येतो. मोठी मुलं आळीपाळीनं त्याच्या शेजारी बसतात. एक जण आपली पोळी मोडून त्याच्या हातात देतो, दुसरा गोष्टी सांगतो, तेव्हा कुठे दोन घास जातात. त्या मुलांना दिल्लीच्या सरांनी हे शिकवलं नव्हतं. ती सगळी वाराची मुलं होती, ताटावर बसलेल्याला एकटं सोडायचं नसतं एवढं त्यांना ठाऊक होतं.

मी दुसऱ्याच दिवशी शाळेत गेले. साहेबांनी शांतपणे सांगितलं, की हा मुलगा बोर्डिंगसाठी कच्चा आहे, त्याच्यात ती ताकद नाही, वडिलांना बोलावून घेतलंय, शनिवारी ते त्याला घेऊन जातील. मी हात जोडले. हो, मी जोडले, आणि मला त्याची लाज नाही. म्हटलं, त्याच्या घरी कोणी नाही, चौकीजवळ धड शाळा नाही, फक्त रविवारचं एक जेवण परत द्या, तो राहील. ते म्हणाले, एकासाठी नियम मोडला तर सगळ्यांसाठी मोडावा लागेल. मग सगळ्यांसाठीच मोडा, मी म्हटलं. त्यांनी घंटी वाजवून चहा मागवला. या माणसाकडे प्रत्येक गोष्टीवर चहाच होता.

शनिवारी मी पुन्हा गेले, पिशवीत ते ताट आणि डब्यात वरण-भात घेऊन. वाटलं होतं, सगळ्यांच्या देखत त्याला वाढते, पोटभर जेवताना बघितलं की वडील तरी म्हणतील, राहू दे याला. ऑफिसात वडील खाकी कपड्यांत उभे होते, खुर्ची असून उभे. मुलाची पेटी दाराशी. साहेब मला बघून वैतागले आणि मुलालाच विचारलं, अगदी वकिलासारखं, की या बाई तुझ्या नात्यातल्या आहेत का, खरं सांग.

मुलगा माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता हा मावशी म्हणेल आणि खोटा ठरेल.

"नाही," तो म्हणाला. "यांच्याकडे माझं ताट आहे."

साहेबांना काही कळलं नाही. त्यांनी वडिलांकडे वळून, पाहा, मुलाला स्वतःचं सामान बाहेर ठेवायची सवय लागली आहे, असं काहीसं म्हटलं. मी काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. एवढंच लिहिते, की जन्मात मी कुठल्या शिकलेल्या माणसाशी इतक्या मोठ्या आवाजात बोलले नव्हते, आणि शेवटी हिंदीवरच आले, कारण मराठी कोणी तिथे ऐकून घेत नव्हतं. वडील मात्र हळूच म्हणाले, "ताई, साहब ठीक कह रहे होंगे." त्या गरीब माणसानं साहेबांपुढे अजून काय म्हणावं? मी त्यांच्यावर रागावले नाही. कोणाकोणावर रागावू?

डबा उघडायला साहेबांनी परवानगी दिली नाही. मुलगा पिशवीजवळ आला आणि त्यानं ताटाला हात घातला. त्याला वाटलं, जातोय तर आपलं ताट न्यायचं. मी पिशवी मागे ओढली. सगळे बघायला लागले. वडिलांना वाटलं असेल, काय बाई आहे, एका ताटासाठी.

मी म्हटलं, "हे आत्ता नाही मिळणार. बारावी पास झालास की घरी यायचं, जेवायचं आणि मग न्यायचं. रीत आहे."

त्यानं हात काढला. मान हलवली. डबा मी वडिलांच्या हातात दिला, आणि ते दोघं पेटी घेऊन फाटकाबाहेर पडले. व्हरांड्यात मोठी मुलं उभी होती, वर्ग सोडून. त्यांना कोणी आत जा म्हटलं तरी ती हलली नाहीत.

घरी आल्यावर यजमान म्हणाले, द्यायला हवं होतंस, लेकरू परत येतंय कशाला. मी त्यांना म्हटलं, दिलं असतं तर तो खरंच परत आला नसता. आणि मग मी मोरीवर बसून घासलेलीच भांडी परत घासली.

आता पुढचं ऐका. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर काही मोठ्या लोकांच्या मुलांच्या आयांनी तक्रार केली, मुलं सुकली म्हणून. त्याबरोबर साहेबांना साक्षात्कार झाला. रविवार परत सुरू झाला, पण वार म्हणून नाही. 'स्थानिक पालक उपक्रम' म्हणून. त्याचं उद्घाटन झालं, फोटो निघाले, पाहुण्यांनी साहेबांच्या कल्पकतेचं कौतुक केलं. आम्हा बायकांना गुलाबाचं एकेक फूल. माझं मी चौकीदाराला दिलं. काय म्हणावं या लोकांना! आमचीच थाळी आम्हाला वाढून दाखवली आणि वर टाळ्याही आम्हीच वाजवायच्या.

माझ्याकडे नवा मुलगा पाठवला. त्याचा काय दोष? त्याला मी पोटभर जेवायला घालते, त्यानं अजून भात मागितलेला नाही. पहिल्याच रविवारी तो फळीवरचं ते ताट काढायला गेला, तर मी इतक्या जोरात नाही म्हटलं की तो दचकला. मग त्याला जवळ बसवून सांगितलं.

मागच्या महिन्यात दुपारी फोन आला. रविवार होता, आम्ही जेवायला बसत होतो. चौकीवर आवाज नीट लागत नाही, वडिलांचा फोन घेऊन हा कुठल्या तरी टेकाडावर चढला होता. म्हणाला, तो ब्लॉकच्या, म्हणजे तालुक्याच्या शाळेत जातो, लांब आहे, सायकल आहे. पप्पा गस्तीवर गेले की खिचडी स्वतः करतो, आले की त्यांनाही वाढतो. वरण जमत नाही, पातळ होतं. मी त्याला डाळ किती वेळ शिजवायची ते सांगितलं. हाच तो मुलगा, ज्याच्यात ताकद नव्हती. ज्या माणसानं हे ठरवलं त्याला स्वतःचा चहा तरी करता येतो की नाही, देव जाणे.

मी फोन ठेवणार, तेवढ्यात त्यानं पुन्हा हाक मारली. 

"काकू," तो म्हणाला, "माझी थाली किसी और को तो नाही ना दिली?"

मी फळीकडे पाहिलं. ताट उभं होतं, नाव बाहेरच्या बाजूला.

"हात तर लावून बघू दे कोणी," मी म्हटलं.