पाटी, दौत आणि घरची फितुरी

मी माझ्या लेकीच्या वह्या उलट्या बाजूनं सुरू करून दिल्या.

दोष सगळा माझा, असं मात्र मी आजही म्हणत नाही. माझी शाळा निजामीतली, उर्दूतली. वही उजवीकडून उघडायची, समास उजवीकडं सोडायचा, हे हातात मुरलेलं. निजामी संपली, चुडाव्याच्या आसपास मराठी शाळा आल्या, पण माझ्या हाताला ते कुणी कळवलं नव्हतं. मी कोरे कागद दुमडून शिवले, पुठ्ठा लावला, शेवटच्या पानावर ऐटीत '१' घातला आणि वही लेकीला दिली. ती बिचारी मुकाट्यानं मागून पुढं लिहीत आली.

तिला घरी शिकवायचं कारण माझी माय. "पोरांच्या घोळक्यात एकली पोर धाडायची न्हाई," असं तिनं बजावलं होतं. पूर्णेला मात्र मुलींचा वेगळा वर्ग होता आणि तिथं लेकीचा मामाही राहायचा. तेव्हा ठरलं असं, की तिसरीपर्यंतचं मी घरी करून घ्यायचं. मग उन्हाळ्यात पूर्णेचे हेडमास्तर परीक्षा घेणार. पास झाली तर चौथीत बसेल, नापास झाली तर पाटी कायमची माळ्यावर.

मी कडक शिक्षक होतो. म्हणजे शिकवण्यात नव्हे, सामानात. कोनाड्यात खाली पाटी, तिच्यावर अंकलिपी, मग वही, कडेला टाक आणि दौत. दौतीचं झाकण हरवलं तेव्हा माझ्याच जुन्या लाल फेट्याची चिंधी वळून मी बूच केलं. संध्याकाळी शेतातून आलो की बाजेवर बसायचो आणि आवाज चढवायचो.

"पाटी?"

"हाजिर."

"दौत?"

"हाजिर."

"टाक?"

"टाक हाजिर, निब वाकडी."

मग निबेवरून भाषण. ते संपेपर्यंत भाकरी झालेली असायची, आणि जेवल्यावर मला झोप आवरायची नाही. वही आहे की नाही एवढं मी बघायचो. तिच्या आत काय आहे ते उद्यावर.

संक्रांत झाली आणि सामानाच्या दांड्या सुरू झाल्या. एका सांजेला दौत नाही. दुसऱ्या दिवशी दौत आली तर अंकलिपी गायब. "सापडंल, दादा," लेक खाली मान घालून म्हणायची. मी आधी उंदरांवर संशय घेतला, मग वानरांवर, मग थोरल्या भावजयीवर. भावजयीनं मला बरेच दिवस ताक वाढलं नाही. अभ्यास मात्र झकास चालला होता. पोर पाढे धडाधड म्हणायची, वाचताना अडायची नाही. मी पारावर सांगत सुटलो, "शिकवायलाबी कला लागते, गड्या."

फाल्गुनात सरकीची पोती आणायला बैलगाडी घेऊन चुडाव्याच्या स्टेशनावर गेलो. मालगाडीला अवकाश होता, म्हणून पाणी मागायला रेल्वेच्या घरांकडं वळलो. एका खिडकीत दौत होती. तिला लाल फेट्याचं बूच.

आत डोकावलो. स्टेशनमास्तरांच्या बायकोपुढं मांडी घालून माझी लेक धडा वाचत होती. आणि भिंतीला टेकून, अडकित्त्यानं सुपारी कातरत, माझी माय बसली होती.

"माय, तू हितं?"

"मग पोरीला रुळाकडंनं एकली धाडू का? संक्रांतीपासनं येतोय आमी."

हळूहळू सगळं बाहेर आलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला लेकीनं या बाईंना हौसेनं वही दाखवली होती. बाईंनी ती उघडली, मागची पुढं करून पाहिली, आणि जमलेल्या साऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. पोर घरी येऊन रडली. मग माझी बायको, माय आणि भावजय यांनी मिळून ठरवलं, शिकवणी दुपारी स्टेशनात आणि हजेरी संध्याकाळी घरी. मला कळू द्यायचं नाही, हेही तेव्हाच ठरलं. घाईत एखादी वस्तू स्टेशनातच राहायची. जिला मी चोर ठरवलं त्या भावजयीनंसुद्धा तोंड उघडलं नव्हतं.

भाऊबंदकीत बांध कोरलेले मी पाहिले होते, पण तिथं वैरी निदान समोर असतो. इथं मला भाकरी वाढणारे हातच फितूर निघाले. आणि लेक? रोज माझ्या डोळ्याला डोळा देऊन "हाजिर" म्हणायची. ती मनातून हसत असती तरी चाललं असतं. ती मला सांभाळून घेत होती, ते फार लागलं.

घरी येऊन बायकोवर उखडलो. "साऱ्यांना ठावं, अन् मलाच न्हाई?"

"साऱ्यांना कुठं? नुसत्या बायांना."

"मला सांगायचं व्हतं!"

"सांगितलं असतं तर तुमी जाऊ दिलं असतं का?"

खरं होतं. दिलं नसतं.

तेवढ्यात लेक दाराआडून म्हणाली, "दादा, परीक्षेला मला तुमीच नेणार ना?"

माझा राग तिथंच ढिला झाला. "मीच नेणार!" मी छाती काढून म्हणालो. "हेडमास्तरला तोंडावर सांगतो, हिला मी शिकवलंय..."

"ने की," माय म्हणाली. "पर शाळंच्या भाईर लिंबाखाली बस, अन् तोंड उघडू नको. तू शिकवलंय म्हनलास, तर पोरीला पुन्हा पैलीत बसवतेल."