खुडबुडबाई आणि पाणमांजर

तिला सगळे खुडबुडबाई म्हणायचे आणि तिला त्यात काही वावगं वाटत नसे. उभा जन्म तिनं खुडबुड करण्यातच घालवला होता. सिनेमातला नायक जिना चढायचा, पावलं हिची वाजायची. वाड्याचं दार करकरत उघडायचं, ती करकर हिच्या मोडक्या खुर्चीची असायची. पुढे तयार आवाज कॉम्प्युटरवर मिळायला लागले, ती कामाला जायची तो स्टुडिओ बंद पडला आणि तिथे गाद्यांचं दुकान आलं. त्या दुकानानं टाकून दिलेल्या गाद्या आणून, बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून, तिनं आपल्या घरातल्या आतल्या खोलीच्या भिंतींना लावल्या. जमिनीवर वाळूचा ट्रे, खडीचा ट्रे, पाण्याचं घमेलं. वरच्या मजल्यावर मिक्सर सुरू झाला की काम थांबायचं, बंद झाला की पुन्हा सुरू. गुडघे तर केव्हाचे कामातून गेले होते.

काम यायचं ते मुख्यतः धाकट्या भावाकडून. तो लग्नांचं शूटिंग करून करून विटला होता. हार घातलेली माणसं बघायची नाहीत म्हणून जनावरांकडे वळला आणि त्यांच्या छोट्या फिल्म इंटरनेटवर टाकायला लागला. चॅनलचं सगळं त्याची बायको बघायची. फिल्म चढवणं, लोकांना उत्तरं देणं, नवऱ्याला वेळेवर जेवायला लावणं, सगळं तिच्याच गळ्यात. भाऊ मात्र तत्त्वाचा पक्का. जनावराला खायला घालून बोलवायचं नाही, जागा कुणाला सांगायची नाही, त्यानं मान वर करून बघितलं की निमूट मागे फिरायचं. प्रत्येक फिल्मच्या शेवटी तो स्वतः सांगायचा, "आम्ही कुणाला हुसकलं नाही, कुणाला आमिष दाखवलं नाही. जे दिसलं ते दाखवलं."

दिसलं ते खरंच दाखवायचा. पण नदीच्या या काठावरून त्या काठावरचं पाणमांजर टिपलं तर चित्र येतं, आवाज कुठला येणार? तो बाई करायची. ओलं फडकं फरशीवर थापटलं की पाणमांजर चालायला लागायचं. घमेल्यात हात बुडवला की ते सूर मारायचं. ते मासा खातं तिथे मात्र तिनं माइकसमोर गाजर चावलं होतं. ही फिल्म भलतीच चालली.

एका दुपारी भावजय हसत हसत आली. "ताई, हे बघा तरी. तुमची कीर्ती शाळेत पोचली."

कुठल्याशा शाळेतल्या बाईंनी व्हिडिओ पाठवला होता. वर्गाला पाणमांजराची फिल्म दाखवली, मुलांना फार आवडली, आता प्राण्यांच्या आवाजांच्या तासाला ती पाणमांजर झाली आहेत, असं लिहिलं होतं. पोरं डोळे मिटून, दोन्ही हात तोंडाशी धरून कचरकचर चावत होती. आणि प्रत्येक घासानंतर सगळी मिळून जीभ टाळ्याला लावून करत होती, "टच्!"

भावजय हसून बेजार झाली. बाईलाही हसू फुटलं, पण ते अर्ध्यातच विरलं. ते "टच्" पाणमांजराचं नव्हतं. तिच्या दाढेत गाजराचा तुकडा अडकला होता, तो काढतानाचं ते "टच्" होतं. तिनं ते ऐकलं होतं, गोड वाटलं म्हणून राहू दिलं होतं.

"त्यांना कळवायला हवं," ती म्हणाली.

"काय कळवायचं? गाजर?"

संध्याकाळी भाऊ आला. सगळं ऐकून त्यानं कपाळाला हात लावला. "ताई, सगळेच करतात. मोठमोठ्या कंपन्यासुद्धा करतात. त्यात लपवण्यासारखं काय आहे?"

"लपवण्यासारखं नाही ना? मग सांग."

"माझं काम किती प्रामाणिक आहे तुला माहीत आहे. थंडीत तासन्‌तास बसतो मी. त्याला त्रास नको म्हणून लांब बसतो."

"तू लांब बसतोस म्हणून तर मला जवळचा आवाज करावा लागतो. जे दिसलं ते दाखवलं म्हणतोस. ऐकवलं त्याचं काय?"

भावानं तोंड पाडलं. लहानपणापासून तो असाच. पटलं की भांडत नाही. शेवटी म्हणाला, "मग तूच चल नदीवर. खरा आवाज मिळाला तर तोच लावू."

ती गेली. गुडघ्यांना पट्टे बांधून, घडीची खुर्ची काखेत मारून गेली. पहाटेची दोघं काठावरच्या झुडपात दबून बसली. बाईनं माइक नदीकडे धरून कानांवर हेडफोन चढवले आणि तिला नदी ऐकू आली. म्हणजे पाणी उपसणारा पंप ऐकू आला. पुलावरचे ट्रक ऐकू आले. भावाच्या पोटातली गुरगुर आली. बऱ्याच वेळानं पाणमांजर वर आलं, पलीकडच्या खडकावर पसरलं आणि मासा खायला लागलं. भाऊ कॅमेऱ्याला चिकटला. बाईनं आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. पंप मोठा झाला. पाणमांजराचं काही म्हणजे काही ऐकू आलं नाही.

दुसऱ्या खेपेलाही तेच. तिसऱ्या खेपेला भावाचाच धीर सुटला. "त्या झाडाच्या मुळांत त्याचं बीळ आहे. ते बाहेर गेलं की माइक तिथे ठेवून येऊ. दोन मिनिटांचं काम."

हे त्यानं म्हणावं याचं बाईला नवल वाटलं. नको म्हणायला हवं होतं. पण ती इतकी दमली होती की नुसती उठली आणि त्याच्यामागून पूल ओलांडून गेली. चिखलातून वाट काढत दोघं झाडापाशी पोचली, बाई हेडफोन लावून, माइक चालू करून तो ठेवायला वाकली आणि बिळातून बारीक चिवचिव ऐकू आली. पिल्लं होती. तेवढ्यात मागे पाण्यातून कुणीतरी जोरात श्वास सोडला. "हफ्!"

आई परतली होती. मान ताठ उभी करून पाण्यात थांबली होती, ना पुढे येत होती ना मागे जात होती. पुन्हा "हफ्!" हेडफोनमध्ये तो आवाज अगदी कानाशी आला. बाईनं माइक उचलून घेतला. दोघं उलट पावली निघाली. बाई चिखलात घसरून पडली, भावानं हात दिला.

गाडीत बसल्यावर भाऊ हळूच म्हणाला, "रेकॉर्ड झालं का गं?"

"झालं."

"ऐकव."

ऐकल्यावर त्याचे डोळे चमकले. "ताई, असा आवाज कुणाकडे नसेल!"

"नसेल. पण तो आपल्याला भिऊन काढलेला आहे. मासा खाताना लावलास तर ते गाजरापेक्षा वाईट."

"वेगळा लावतो. नुसता."

"मग शेवटी काय सांगशील? कुणाला हुसकलं नाही?"

भावानं गाडी सुरू केली. घरी पोचल्यावर बाईनं तो आवाज पुसून टाकला आणि त्याला तसं सांगितलंही. तो त्या दिवशी जेवला नाही. त्यानंतर कितीतरी दिवस तो नदीकडे फिरकला नाही. मग लांबून, पुलावरून बघून आला. आई पिल्लांना घेऊन दुसरीकडे गेली होती. आपल्यामुळे की पाणी उतरल्यामुळे, ते त्याला सांगता येईना, आणि बाईनंही विचारलं नाही.

नवी फिल्म निघाली. तिच्यात पंप होता, ट्रक होते आणि मुकाट्यानं खाणारं पाणमांजर होतं. सुरुवातीला भावजयीनं लिहिलं की आधीच्या सगळ्या फिल्ममधले आवाज खोलीत केलेले होते. बाईच्या हट्टानं गाजरही लिहिलं. लोकांनी वाटेल तसं धारेवर धरलं. फसवलंत म्हणाले. पंप बंद करा म्हणाले. तुमची फिल्म लावून आम्ही झोपत होतो, आता काय करू, असंही एकानं विचारलं. थोडे लोक बरं केलंत म्हणाले, पण ते थोडेच. बघणारे घटले. भावजय तोंड वाकडं करून म्हणाली, "खरं बोलायचं होतं तर हळूहळू बोलायचं." तिचंही चुकत नव्हतं. शिव्या वाचायच्या तिलाच होत्या.

शाळेतल्या बाईंना खुडबुडबाईनं स्वतः फोन केला. त्या आधी ऐकतच राहिल्या. मग म्हणाल्या, "अहो, आता मी मुलांना काय सांगू? तीन वर्गांना शिकवून झालंय."

"जे आहे ते सांगा. हवं तर माझं नाव घ्या."

"बघते," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. पुढे त्यांचं काही आलं नाही. मुलांना सांगितलं की नाही, कुणास ठाऊक.

पावसाळा सरता सरता भाऊ आला. बगळ्यांची फिल्म झाली होती. लोकांना अगदीच मुकी फिल्म नको, म्हणून त्यानं आणि बायकोनं ठरवलं होतं की आवाज करायचे, पण फिल्मच्या पहिल्याच पाटीवर तसं लिहायचं आणि ज्या जनावराचा आवाज ऐकलेला नाही त्याच्या तोंडी काही घालायचं नाही.

"नुसते पंख आणि पाणी," तो म्हणाला. "जमेल?"

बाईनं भिंतीला टेकून पाय लांब केले. वर मिक्सर सुरू झाला होता.

"जमेल," ती म्हणाली. "पण आज नको. आज अगदी जीव नाही रे अंगात."

"मग उद्या येतो," भाऊ म्हणाला, पण उठला नाही. तोही तिथेच गादीला पाठ टेकून बसून राहिला.