लमूनमावशीचे गुरुजी

मेकलाँगच्या कालव्याकाठी लमूनमावशीला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही. सकाळी माडाचा गूळ आटवायचा, दुपारी बाजारात भांडायचं आणि कुणाचं लग्न असलं की मांडी ठोकून खिम वाजवायचं, हा तिचा दिनक्रम. खिमच्या बेचाळीस तारांवर बांबूच्या दोन काड्या अशा काही नाचवते की वऱ्हाड नवरीला सोडून हिच्याकडेच बघत बसतं. "कुणाची हो तुम्ही शिष्या?" असं कुणी विचारलं की मान ताठ करून म्हणते, "थनोम गुरुजींची!"

चाळीस वर्षं ही थाप बिनबोभाट खपली. खरं म्हणजे पोरवयात ती गुरुजींच्या घरी गूळ पोचवायची आणि मडकं रिकामं होऊन परत मिळेपर्यंत ओसरीवर रेंगाळायची. आत धडे चाललेले असायचे. पठ्ठीने नुसत्या नजरेने सगळं उचललं. मला शिकवा म्हणायची छाती मात्र कधी झाली नाही.

यंदा देवळाच्या शाळेने तिला खिंडीत गाठलं. मोठ्या बाईंनी अकरा पोरी तिच्या हवाली केल्या आणि वर सांगितलं, गुरुवारच्या गुरुपूजेत यांचे हात तुम्हीच धरायचे. गुरूने शिष्याचे हात धरून पहिले सूर वाजवून द्यावे, तेव्हा कुठे विद्या लागते. आणि ज्याचे स्वतःचे हात कुणी धरले नाहीत त्याने हा आगाऊपणा केला, तर गुरूचा कोप थेट शिष्यांवर. मावशीने घरी येऊन नवऱ्यापुढे सगळं गाऱ्हाणं मांडलं.

"धर की हात आणि मोकळी हो," नवरा बुनमा म्हणाला. "कोण येणार आहे चौकशीला?"

"माझं मरू दे हो! त्या लेकरांच्या बोटांना काही झालं म्हणजे?"

"मग जा, सांग गुरुजींना. ते काय खातायत तुला?"

"खातील!"

तरी बुधवारी गेलीच. वाडग्यात फुलं, उदबत्त्या, मेणबत्ती, पांढरं कापड आणि रिवाजाची सहा बात दक्षिणा. चौऱ्याऐंशी वर्षांचे गुरुजी ओसरीवर पपनस सोलत बसले होते. मावशीने जमिनीला कपाळ टेकलं आणि एका दमात बोलून टाकलं, "गुरुजी, चाळीस वर्षं तुमचं नाव सांगत फिरतेय. खोटंच."

गुरुजींनी एक फोड तोंडात टाकली. "ठाऊक आहे."

"ठाऊक आहे?"

"पलीकडच्या काठावरचं वाजवणं इथे ऐकू येतं. अजून बहिरा झालेलो नाही."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"शिष्या असतीस तर बोललो असतो. परक्या बाईला मी काय बोलणार?"

हे मात्र मावशीच्या वर्मी लागलं. तिने गुमान वाडगं पुढे सरकवलं. गुरुजींनी हात धोतराला पुसले आणि वाडगं उचललं. मेणबत्ती लावली, खिम ओढली, तिच्या पाठीमागे बसून तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि पहिले सूर वाजवून दिले. एकदा, दोनदा, तीनदा.

"हं. आता तू वाजव."

तिने वाजवलं. चार ठोके झाले नाहीत तोच गुरुजी गरजले, "थांब! ठोक्यावर डावा हात? उजवा येतो तिथे, गाढवे!"

"मी ओसरीवरून बघितलं होतं, गुरुजी. तुमच्या समोरून."

"म्हणून सगळं उलटं? चाळीस वर्षं? आणि काडी धरलीयेस की गूळ ढवळायचा डाव? पाठ सरळ कर! उद्या त्या पोरींच्या समोर बसलीस तर बघ, पाठीमागे बसून धर हात. नाहीतर अकराच्या अकरा वाया घालवशील!"

मावशीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"आता रडायला काय झालं? फार बोललो का मी?"

"नाही हो गुरुजी," मावशी पदराने नाक पुसत म्हणाली. "बोला. अजून बोला."