न रडवणारा कांदा

आमच्या पांढऱ्या कांद्याने कुणाला रडवल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. चिरा, ठेचा, भाकरीबरोबर नुसता चावून खा, डोळे कोरडे. आमच्या घरात रडायला खरंखुरं कारण लागायचं.

हे बी आईने माहेरून आणलेलं. दरवर्षी निवडक कांदे ती पातीची वेणी घालून वाशाला टांगायची. ते पावसाळाभर टिकायचे, भात निघालं की पुन्हा मातीत जायचे आणि त्यांना धरलेलं बी पुढच्या हंगामाला व्हायचं. बी विकत आणणं तिच्या लेखी पोर उसनं आणण्यासारखं होतं.

काका, म्हणजे वडिलांचा धाकटा भाऊ, खताच्या कारखान्यात फाटकावर पहारेकरी होता. निवृत्त झाला तेव्हा शास्त्रज्ञ होऊन बाहेर पडला. पान पिवळं पडलं, युरिया. नारळ गळला, युरिया. माझ्या विरळ होत चाललेल्या केसांकडेही त्याने एकदा त्याच नजरेने पाहिलं होतं. मुंबईची गाडी मोठा कांदा बघून थांबते, हे त्याचं अर्थशास्त्र, आणि ते खोटं नव्हतं. शनिवारी येणारे बंगलेवाले आधी "ऑरगॅनिक आहे ना?" विचारत आणि मग सगळ्यात फुगलेली माळ उचलत.

त्या वर्षी आई माझ्या बहिणीच्या बाळंतपणासाठी तिच्या सासरी जाऊन राहिली आणि काकाला मोकळं रान मिळालं. कांदा पोसायला लागला की आई खताचा हात आखडता घ्यायची. काकाने नेमक्या त्याच वेळी पोती रिकामी केली. बियाला लावलेला वाफाही सोडला नाही. असली काळीभोर पात वाडीने कधी पाहिली नव्हती, म्हणून सगळ्यांनीच पोती आणली. उरलेला युरिया शेताखालच्या तळ्याने खाल्ला. ते आधी हिरवं झालं, मग त्यावर शेवाळाची गोधडी पसरली, मग मासे पोट वर करून तरंगले.

"पाणी पौष्टिक झालंय," काका म्हणाला. "माशांना पचलं न्हाय."

आई परतली तेव्हा बियाच्या वाफ्यातले दांडे माजून आडवे झाले होते आणि गोंड्यांत दाणा धरला नव्हता. कांद्याचं जुनं बी उगवत नाही, त्यामुळे आता सगळी भिस्त टांगायच्या कांद्यांवर होती. ती वेण्या घालायला बसली, तर कांद्यांच्या माना अंगठ्याएवढ्या जाड आणि ओल्या, वळता वळेनात.

"भावजी, ही वेणी हाय का बैलाचा कासरा?"

"वहिनी, कांदा केवढा हाय ते तर बघ!"

"टिकंल का पण?"

"युरिया खाल्लेला कांदा हाय. न टिकायला काय झालं?"

पाऊस लागला आणि घरात वास सुटला. एकदा काका जेवायला बसलेला असताना वरून त्याच्या ताटात पिवळं पाणी ठिबकलं. त्याने मान वर केली, बराच विचार केला आणि कौल फुटल्याचं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी त्याने खरंच कौल बदललं. आई मात्र रोज शिडी लावून सडलेले कांदे तोडून टाकत होती, चांगले वाऱ्याला हलवत होती. नवरात्रात वासे रिकामे झाले. मग ती वाडीत दारोदार बियाचे कांदे मागत फिरली. प्रत्येक घरात तोच वास होता. मला काकाचा तेव्हा जितका राग आला, तितका आजवर कुणाचा आला नाही.

शेवटी दुकानातून पाकीट आणलं. पीक जोरात आलं. पहिला कांदा घेऊन आई विळीवर बसली आणि तिच्या डोळ्यांना धारा लागल्या.

"बघ, कसा जातिवंत हाय!" काका खूश झाला. "नाकाला झोंबतोय."

आईने पदराने डोळे पुसले. "माझ्या माहेरचं एवढंच राहिलं होतं, भावजी."

आईने उरलेला अर्धा कांदा चिरायला घेतला.